तरंगलेल्या जुड्या

बाबांच्या फिशटँकमधला गालिचा एका सकाळी उठून वर आला. म्हणजे खरोखरच उठला. तळाच्या काळ्या मातीवर पसरलेली ती बारीक पानांची हिरवी वनस्पती अख्खीच्या अख्खी सुटली आणि पाण्यावर तरंगायला लागली. खालची बाजू पिवळी, कुजकी. मासे बिचारे तिच्याखाली भांबावून फिरत होते.

चूक माझी होती. पक्षाघाताचा झटका येऊन बाबा अडीच महिने दवाखान्यात होते. जीभ वळायला लागली तेव्हा त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल, तर "गालिच्याला कात्री लाव. दाट झाला की खालच्या पानांना उजेड मिळत नाही." मी लावली नाही. इतका सुंदर भरला होता, कापवेना. वर आई म्हणाली, "त्यांच्या हातचं आहे, राहू दे." आम्ही मायलेकी वाट लावतो तीसुद्धा प्रेमानेच लावतो.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस घरी आला तो उजव्या हाताला कंप घेऊन. दुकान बंदच होतं. दुकानाचं नाव निघालं की आई भाजीचा विषय काढायची. गालिचा उठल्यावर मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. बाबांनी मात्र चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं झालं. हाताची परीक्षा घेता येईल."

परीक्षा अशी, की गालिच्याचा चांगला भाग कापून शंभर जुड्या करायच्या आणि बाबांनी एकट्याने त्या चिमट्याने परत लावायच्या. दुसऱ्या सकाळपर्यंत दहापेक्षा कमी वर आल्या तर दुकान उघडायचं. दहा किंवा जास्त आल्या तर किल्ली आईकडे, कायमची. आईने मान हलवली, पण तोंड एवढंसं झालं होतं.

मी पाणी उपसून चार बोटं ठेवलं, मासे बादलीत काढले. बाबा लांब चिमटा घेऊन बसले. जुडी मुळाशी धरायची, तिरकी आत खुपसायची, फक्त शेंडा दिसेल इतकी खोल. मग पकड सोडून चिमटा अलगद मागे घ्यायचा. सगळी गोम त्या सोडण्यात. तिथे हात हलला की माती ढिली होते, आणि पाणी भरलं की जुडी वर. बाबांचा हात हलत होता. मनगट डाव्या हाताने दाबून धरत, घामाघूम होत त्यांनी शंभर पुऱ्या केल्या. माती उसळू नये म्हणून मी आत ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडलं, टाकी भरली. दमून बाबा आडवे झाले.

चार वाजेपर्यंत एकसष्ट जुड्या वर आल्या होत्या.

मी दोनदा मोजल्या. आई दळण आणायला गेलेली. मी बाही खांद्यापर्यंत सारली, चिमटा घेतला आणि लावत सुटले. मी शिवणकाम करते, माझ्या हाताला कंप नाही. बावन्न लावल्या आणि नऊ तरंगत ठेवल्या. एकही ठेवली नसती तर संशय आला असता. एवढी अक्कल होती मला, बघा!

सकाळी बाबांनी मोजलं. "नऊ!" ते आईकडे बघून असे हसले, की मी स्वतःवर जाम खूश झाले.

दुकान उघडून आठवडा झाला. पट्टे बदलणं, सेल घालणं, बरं चाललं होतं. मग एक निवृत्त नर्सबाई चावीचं मनगटी घड्याळ घेऊन आल्या. त्यांच्या गेलेल्या मुलाचं. मागे पडत होतं. बाबांनी उघडलं. आत केसाएवढी बारीक कमान असते, तिच्यावर घड्याळाचा जीव. चिमट्याची पकड सोडताना हात हलला आणि कमानीचा गुंता झाला. तो भाग आता कुठेच मिळत नाही. बाई म्हणाल्या, "असू दे, तसंच द्या. मी रोज कानाला लावून बघायचे, एवढंच."

हे बाबांनी घरी येऊन सांगितलं, चपला न काढता. मग टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. बराच वेळ खाली वाकून बघत राहिले.

"घाईबाई, इकडे ये," ते म्हणाले. लहानपणापासून ते मला हेच म्हणतात. "मी जुडी मागच्या दोन जुड्यांच्या मधे लावतो. या पुढच्या ओळी सरळ आहेत. टाके घातल्यासारख्या."

मी उगाच टाकीची काच पुसायला लागले.

"किती आल्या होत्या?"

"बाबा, मी फक्त..."

"किती?"

"एकसष्ट."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती दारातच थांबली.

"एकसष्ट," बाबा म्हणाले. "हा आकडा त्या दिवशी मिळाला असता तर मी ते घड्याळ उघडलंच नसतं."

"तुम्हाला किती वाईट वाटलं असतं!" मी जवळजवळ ओरडलेच. रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं.

"वाटलं असतं ना. माझं मला वाटलं असतं. त्या बाईंनी काय केलं होतं?"



बाबांनी खिशातून किल्ली काढून आईच्या हातात ठेवली. मग मला म्हणाले, "पाणी काढ. तुझ्या ओळी उपटायच्यात."

त्यांनी बावन्न जुड्या परत लावल्या, एकट्याने. मनगट दाबून, मधेमधे थांबून. मी पाणी भरलं. आम्ही दोघं समोर बसलो.

थोड्या वेळात कोपऱ्यातली एक जुडी हलली, सुटली आणि वर यायला लागली. माझा हात आपोआप चिमट्याकडे गेला.

"हात खाली," बाबा म्हणाले.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. जुडी पाण्यावर आली.

"मोज," बाबा म्हणाले.

"एक," मी म्हणाले.