सासूचं पोळं

मधमाश्यांसाठी पोखरलेले मुसेंबीचे अकरा ओंडके बाभळींवर टांगलेले होते, आणि त्यातल्या दहांत आता एकही मधमाशी उरली नव्हती. माश्यांच्या अंगावर बारीक तांबडी गोचीड चढली आणि सहा महिन्यांत सगळा बाजार उठला. वाचलं एकच पोळं, तेही नेमकं त्याच्या डोक्यात जाणारं. त्या माश्या इतक्या चावऱ्या, की मुसेंबीनं मित्रांत बसून त्याचं नाव 'सासू' ठेवलं होतं. केनियातल्या कांबा लोकांत जावई सासूसमोर येत नाही, वाटेत दिसली तर झुडपात शिरतो. मुसेंबीही त्या झाडाला लांबून वळसा घालायचा आणि मित्र हसून लोळायचे.

एका सकाळी त्याची बायको स्योंबुआ एनॅमलची पांढरी थाळी घेऊन आली. दोन दिवस ती थाळी तिनं त्या पोळ्याखाली ठेवली होती.

“बघा काय पडलंय.”

“गोचिडी! म्हणजे हेही चाललं.” मुसेंबी म्हणाला.

“नीट बघा हो. पाय आहेत का एकीला तरी?”

खरंच नव्हते. सगळ्या पार थोट्या.

“तुमच्या सासूबाईंच्या माश्या एकमेकींच्या पाठी विंचरतात आणि गोचिडीचे पाय कुरतडून तिला खाली फेकतात. बाकीच्यांना ते जमलं नाही, त्या मेल्या. हे राणीकडून लेकींत उतरतं. हिच्याच लेकी बसवा दहा ओंडक्यांत.”

बाभळीचा फुलोरा जेमतेम आठ दिवस राहिला होता. तो संपला की पोळं विभागून नवे ओंडके भरता येणार नाहीत, आणि एका पोळ्याचा भरवसा तो किती? ओंडका खाली उतरवायला मुसेंबीनं लगेच दोर काढला.

“दोर मी नाही धरणार,” स्योंबुआ म्हणाली. “बोकड दिल्याशिवाय सासूच्या घरात हात घालतं का कुणी?”

“अगं, गमतीतलं नाव ते!”

“मग दरवेळी वळसा का घालता?”

बोकड दिला की तोंड लपवणं संपतं, हे मुसेंबीला बावीस वर्षं ठाऊक होतं. पण ते लपणं त्याच्या पथ्यावरच पडलं होतं. तो दोर घेऊन मित्रांकडे गेला, तर एकेकजण विचारी, “बोकड कुठाय?” स्वतःचाच विनोद असा अंगाशी आला.

तिसऱ्या दिवशी कोरडी नदी ओलांडून त्यानं बोकड हाकत नेला. सासूबाई दारात तूर निवडत होत्या. हा सवयीनं पाठ करून उभा.

“वळा इकडे, जावईबापू. बोकड पोचला.”

मुसेंबी वळला आणि चाटच पडला. तेच रोखून बघणं, तीच जिवणी. हुबेहूब स्योंबुआ!

“पोळ्याला माझं नाव दिलंय म्हणे. चावरं आहे म्हणून?”

“नाही, आई... म्हणजे, होय.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “पण तेवढंच जगलंय, आई. ते गेलं तर मी काय करू? मला फार भीती वाटते.”

सासूबाईंनी तुरीतला खडा उचलून बाहेर फेकला.

“एक लेक आधीच दिलीय तुम्हाला. इतकी वर्षं तुमच्या पाठीवरच्या गोचिडी तिनंच काढल्या ना? न्या आता आणखी दहा.”

“चावूनच काढल्या,” मुसेंबी म्हणाला, आणि समोरासमोर बसून दोघंही खदखदून हसली.