कुंकू लावलेला ड्राइव्ह

माझ्या दिराला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. मला बघायला आले तेव्हा बशीत चहा ओतता ओतता सासूबाई माझ्या बाबांना म्हणाल्या होत्या, "धाकटा कॉम्प्युटरमध्ये आहे." म्हणजे काय, तर अंधेरीच्या एका ऑफिसात कोणाचा प्रिंटर रुसला की स्वप्नीलला बोलावतात. तेव्हापासून आमच्याकडे मिक्सरचा प्लग काळा पडला तरी स्वप्नीलला विचारायचं. मी इतकी वर्षं लग्नांचे व्हिडिओ एडिट करतेय, पण घरच्यांच्या लेखी मी नुसती 'कॉम्प्युटरवर बसते'. रिकामटेकडे लोक कट्ट्यावर बसतात ना, तशी.

स्वप्नीलला मी आवडत नाही आणि मला तो. आम्ही ते लपवतही नाही. भाईंदर पश्चिमेच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये लपवायचं तरी कुठे? तो टीव्हीचा आवाज वाढवतो, मी त्याच्या डब्यात मुद्दाम कारलं देते. सासूबाई मध्ये पडत नाहीत. आणि माझा नवरा ईश्वर, तो दोघांनाही समजावतो. ईश्वर फार शांत माणूस आहे, असं सगळी सोसायटी म्हणते. मीही म्हणत होते.

या वेळचं भांडण सुरू झालं ते पालीच्या रॉकमुळे. रॉक फोटोग्राफर आहे. उत्तन, पाली, राई, या पट्ट्यातली निम्मी लग्नं तोच शूट करतो. हल्ली तिकडे नवीन टूम निघालीय. दुपारी चर्चमध्ये लग्न लागतं आणि संध्याकाळी मैदानावर रिसेप्शनला पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर त्याच दुपारची फिल्म दाखवतात. नवरीने डोळे पुसले ते दुपारी, आणि केक कापायच्या आधी ते सगळ्या गावाने पाहिलं पाहिजे. हे काम आजवर रॉकची एडिटर जोआन करायची. रॉकचं आणि तिचं काहीतरी बिनसलं आणि त्याने मला फोन केला.

"शनिवारी आपल्या वॉरेनचं लगीन हाय," तो म्हणाला. "ती फिल्म टायमावर दिलीस तर अख्खा सीझन तुझा. न्हाय जमलं तर सांग, मी जोआनच्या पाया पडतो."

मला हे काम हवं होतं. हौस म्हणून नव्हे. मी आजवर दुसऱ्या एडिटरांनी टाकून दिलेलं उरलंसुरलं करत आले होते, बारशी, साखरपुडे, कोणाची तरी साठी. फिल्मच्या शेवटी नाव त्यांचं यायचं. एकदा तरी माझं नाव पडद्यावर यावं, आणि घरात कोणी विचारलं 'काय करतेस' तर सासूबाईंच्या आधी मी उत्तर द्यावं, एवढंच मला पाहिजे होतं.

जुन्या मशीनवर हे होणं शक्य नव्हतं. म्हणून नवीन मशीन घरीच जोडायचं ठरलं. प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट, कशावरच वाद झाला नाही. झाला तो ड्राइव्हवर. म्हणजे सगळं फुटेज ज्यात राहतं त्या एसएसडीवर.

माझी निवड पक्की होती. एक टीबीचा, पण चांगल्या चिपचा. ईश्वर सांगायचा, स्वप्नीलच्या मते त्याच भावात दोन टीबीचा मिळतो. मिळतो ना, का नाही मिळणार? स्वस्त ड्राइव्हची गंमत अशी असते की त्यातला थोडाच भाग वेगवान असतो. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या टाकलेल्या असल्या की पहिले चार पाहुणे कसे पटकन बसतात. पाचव्यापासून सगळे जिन्यात उभे. फोटो, सिनेमे, हिशेब ठेवायला असा ड्राइव्ह चालतो. तीन कॅमेऱ्यांचं लग्न एकदम आलं की तो जिन्यात उभा राहतो. मी हे वाचलं होतं, लोकांना विचारलं होतं, आणि माझ्या निवडीची लिंक ईश्वरला पाठवली होती. ईश्वरला यासाठी, की आमच्याकडे कुठलीही ऑर्डर ईश्वरच्या मोबाईलवरूनच जाते. केसांची पिन मागवायची तरी. घरात काय येतंय ते एका माणसाला माहीत असावं, अशी सासूबाईंनी परळच्या जुन्या घरातून आणलेली पद्धत.

खोकं आलं आणि त्यातून दोन टीबीचा निघाला.

"स्वप्नीलने हा सुचवला," ईश्वर म्हणाला. "डबल जागा आहे. आपले फोटोपण राहतील. तू टेन्शन घेऊ नको गं, त्याला कळतं त्यातलं."

मी तडक बाहेरच्या खोलीत गेले. "हा कोणी सांगितला मागवायला?"

स्वप्नीलने टीव्हीवरची नजर काढली नाही. "डबल जागा मिळतेय वहिनी, तरी तक्रार? घे की गपचूप."

मी परत करायचा म्हणाले. पण तोवर सासूबाई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या होत्या. नवीन वस्तू आली की त्या पाटावर मांडून पूजा करतात. मदरबोर्डच्या खोक्याला कुंकू, कॅबिनेटला स्वस्तिक. ड्राइव्ह तर बोटभर लांबीची नुसती पट्टी, खोक्यातून काढून ठेवलेली. त्यांनी तिच्या लेबलवरच बोट टेकवलं. लाल ठिपका नेमका सीरियल नंबरावर.

"झालं," स्वप्नील म्हणाला. "आता कोण परत घेतोय?"

त्याला मजा वाटली. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मशीन जोडलं त्यानेच, आणि जोडल्यावर सगळ्यांना बोलावून एक सिनेमा कॉपी करून दाखवला. पडद्यावरचा हिरवा ग्राफ वर चढला, सिनेमा आत गेला. "बघ किती भराभर," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. ईश्वरने खाली जाऊन सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. मी खाल्लं नाही तर म्हणाला, "तू उगाच मनाला लावून घेतेस." मग त्याने आपले दहा वर्षांचे फोटो त्यात टाकले आणि स्वप्नीलने गेम्स. माझं त्यात अजून काहीच नव्हतं.

गुरुवारी रॉकने सरावासाठी एका जुन्या लग्नाचं सगळं फुटेज पाठवलं, त्याच्या वेगवान पोर्टेबल ड्राइव्हमधून. आदल्या संध्याकाळी बँड लावून बायका विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे लग्नाच्या आंघोळीचं पाणी, आणायला जातात तिथपासून ते रिसेप्शनच्या शेवटच्या नाचापर्यंत. मी कॉपी लावली. बायका विहिरीपर्यंत गेल्या तोवर ग्राफ वर होता. मग तो जो खाली पडला तो पडला. चहा करून आले, भांडी घासून आले, अजून नवरी घरातून निघाली नव्हती. जेवढं आलं होतं तेवढ्यावर काम सुरू करून पाहिलं तर चित्र अडकायचं. बँडवाल्याचे गाल फुगलेले, आणि तसेच फुगलेले.

तेवढ्यात रॉकचा फोन. "काय गं, मशीन तयार हाय का न्हाय? मला आज सांग. उद्या सांगून उपेग न्हाय."

"थोड्या वेळात सांगते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बाहेर सगळे होते. सासूबाई मेथी निवडत होत्या, ईश्वर ऑफिसातून येऊन पंख्याखाली बसला होता, स्वप्नील मोबाईलवर. मी म्हणाले, "हा ड्राइव्ह बदलायचाय. आजच. यावर शनिवारचं काम होणार नाही."

"कालपर्यंत तर चांगला चालत होता," सासूबाई म्हणाल्या.

"सिनेमा चालत होता. लग्न चालत नाही."

"गरम झाला असेल," स्वप्नील मान वर न करता म्हणाला. "थोडा वेळ बंद ठेव."

"गरम नाही झाला. त्यातला वेगवान भाग भरला. बाहेरून दोन टीबी आणि आतून भिकार. हे मी ऑर्डरच्या आधी सांगत होते."

"मग कंपनीला परत पाठव आणि दाखव कुंकू."

"माझ्या कुंकवाचं काय आता?" सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मी चांगल्या मनाने लावलं होतं. तुमचं काम नीट व्हावं म्हणूनच ना? आता तेही माझ्या माथी मारा."

"आई, तुमचं काही नाही. ज्याने मागवायला लावला त्याचं आहे." मी स्वप्नीलसमोर जाऊन उभी राहिले. "शनिवारी फिल्म गेली नाही तर माझं काम जातंय. कळतंय तुला? अख्ख्या सीझनचं. तू कशाला नाक खुपसलंस? तुला ड्राइव्हमधलं ओ का ठो कळत नाही. ऑफिसात कागद अडकला की ओढून काढायचा, एवढंच तुझं कॉम्प्युटर."

"रुचिता, पुरे," ईश्वर म्हणाला. शांतपणेच.

पण स्वप्नील उठून उभा राहिला होता. आजवर मी त्याला आळशी म्हटलंय, आगाऊ म्हटलंय, फुकट्या म्हटलंय, त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र त्याचे कान लाल झाले होते.

"मला कळत नाही?" तो म्हणाला. "मला शिकवतेस? हा स्वस्तातल्या क्यूएलसी चिपचा आहे, याला स्वतःची मेमरी नाही, तीन कॅमेऱ्यांचं फुटेज टाकलं की हा बसणारच. हे मला खोकं न उघडता माहीत होतं. दादाला मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. तू पाठवलेली लिंक बरोबर होती."

"स्वप्नील," ईश्वर म्हणाला.

"नाही, आता ऐक. मी कशाला शिव्या खाऊ? मी नाही सुचवला हा. तूच मला सांगितलं होतंस, की वहिनीने विचारलं तर मीच सुचवला असं म्हणायचं. तिचं-माझं नाहीतरी पटत नाही."

मी ईश्वरकडे बघितलं. तो नाकारेल असं मला वाटलं. त्याने पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, तसं नाही," तो म्हणाला. "मी तुझाच विचार करत होतो. अख्खा सीझन म्हणजे सगळे शनिवार-रविवार गेले. तू घरात असून नसल्यासारखी. मला वाटलं, मशीन स्लो असलं की तुलाच कंटाळा येईल. आपोआप सुटलं असतं. मला नाही म्हणायला लागलं नसतं."

हे तो इतक्या हळू आवाजात सांगत होता, जसं काही मला ताप आहे आणि तो कपाळावर पट्टी ठेवतोय. त्या आवाजाची मला किळस आली. किती वर्षं मी त्याला समजूतदारपणा समजत आले होते.

"मग आता म्हण," मी म्हणाले. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते. त्या संध्याकाळी म्हटलं नाही. "आता म्हण, ईश्वर. नको करू हे काम, असं तोंडाने म्हण."

त्याने आईकडे बघितलं. त्याने नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, कोण जाणे, कदाचित ऐकलंही असतं. नवऱ्याने तोंडावर म्हटलेलं काहीतरी माझ्यासमोर असतं. तो तेवढंही द्यायला तयार नव्हता.

"भांडणं नकोत दिवेलागणीची," सासूबाई म्हणाल्या. "जेवून घ्या आधी."

मी आत जाऊन पर्स घेतली आणि चप्पल घातली.

"कुठे निघालीस?" ईश्वरने विचारलं.

"ड्राइव्ह आणायला."

"थांब, मी गाडी काढतो." तो खरंच उठला. चावी घेतली, वर म्हणाला, "तुला पाहिजे तोच घेऊ."

"तू नको," मी म्हणाले. "स्वप्नील, चप्पल घाल."

"मी का?" स्वप्नील म्हणाला.

"दुकानदाराशी भांडायला कोणीतरी पाहिजे."

ईश्वर चावी हातात घेऊन दारात उभा राहिला. आम्ही जिना उतरलो तेव्हाही तो आत गेला नव्हता. लॅच लागल्याचा आवाज आला नाही.

रिक्षात बसल्या बसल्या मी स्वप्नीलला धरलं. "लिंक बरोबर होती, तर त्याच दिवशी का नाही बोललास?"

"दादा आहे तो माझा."

"आणि मी कोण?"

तो बाहेर बघत म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं." आणि मी काही म्हणायच्या आत पुढे म्हणाला, "पण तू निवडलेला गरम होतो. त्याच्यापेक्षा चांगला आहे एक."

"मला तोच पाहिजे."

"त्याला गार ठेवायला हीटसिंक लागतो."

"मदरबोर्डवर आहे हीटसिंक."

"तो शोभेचा पत्रा आहे, वहिनी. तुला वाटतं तेवढं तुला कळत नाही."

रॉकचा परत फोन आला. मी तयार आहे म्हणून सांगितलं. ड्राइव्ह अजून दुकानात होता, तरीही सांगितलं. मग फोन पर्समध्ये टाकला आणि स्वप्नीलला म्हणाले, की शोभेचा पत्रा तू आहेस. तो चिडला, जोरजोरात बोलायला लागला, रिक्षावाला आरशातून बघायला लागला, "भैया, सामने देखो," असं आम्ही दोघंही एकदम त्याच्यावर ओरडलो. स्टेशन येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. भांडत होते तोवर मला रडू येत नव्हतं, म्हणून मी भांडत राहिले. मला वाटतं, त्यालाही ते कळलं होतं, कारण त्याने एकदाही माघार घेतली नाही.