जांभळा रेनकोट

बाहेर एकोणपन्नास अंश तापमान होतं आणि मी दिवाणखान्यात बसून लोकरी मोज्यांतली वाळू झटकत होते. आम्हा कुवेतच्या माणसांकडे गरम कपडे असतात ते जानेवारीत वाळवंटात तंबू ठोकून राहण्यापुरते. त्यामुळे प्रत्येक स्वेटरला शेकोटीचा वास आणि प्रत्येक खिशात वाळू. माझ्या लेकीच्या, दानाच्या जाकिटातून खजुराच्या तीन बिया निघाल्या. जाकीट तिला घालून बघितलं तर बाह्या कोपरापर्यंतच आल्या.

उद्या सकाळी आमचं तुर्कस्तानचं विमान होतं. त्राब्झोनला, डोंगरांत. मोबाइल म्हणत होता, सोमवारी कडक ऊन, मंगळवारी पाऊस, बुधवारी वरच्या कुरणांवर धुकं आणि नऊ अंश. गेल्या वर्षी मी नुसते सुती कपडे नेले होते आणि आम्ही तिघं निम्मे दिवस हॉटेलची पांघरुणं गुंडाळून चहा पीत बसलो होतो. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, असा मी चंग बांधला होता.

"अगं अनवार, एवढा पसारा कशाला?" माझा नवरा मिशारी म्हणाला. त्याच्या हातात त्याचा लाडका फरवा होता, मेंढीच्या कातड्याचं अस्तर लावलेला तो ढगळ झगा. "हा एक घेतला की झालं."

"तो एकटाच अख्खी बॅग खातो. मग तुझे बाकीचे कपडे काय डोक्यावर घेऊन जाणार?"

"पांघरायला होईल, बसायला होईल..."

"तंबू पण ठोक ना त्याचा. ठेव कपाटात."

तो कुरकुरत गेला. मला त्याच्या फरव्याची फिकीर नव्हती. माझं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या चौथ्या बॅगेकडे होतं. ती रिकामीच होती.

ती माझ्या सासूबाईंची. मी त्यांना खालती म्हणते, म्हणजे मावशी; आमच्याकडे सासूला तशीच हाक मारतात. गेल्या वर्षी त्या आल्या नाहीत. फोनवर रोज म्हणायच्या, मी मजेत आहे, तुम्ही फिरा. तीन आठवड्यांनी आम्ही परतलो, तेव्हा दारातच त्या दानाला हाक मारायला गेल्या आणि आवाज फुटेचना. आजारी नव्हत्या. बोलायला घरात कुणी नव्हतं, एवढंच. यंदा त्यांना घेतल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं. मिशारीने त्यांचं तिकीटही काढून ठेवलं होतं. पण त्यांचा हेका सुटत नव्हता.

"तिथं एका दिवसात तीन ऋतू," त्या म्हणायच्या. "माझ्याकडे कपडे दोन तऱ्हेचे, घरातले आणि बाहेरचे. मी काय घालू?"

म्हणून मी चार रेनकोट आणले. त्यांचा जांभळा. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या पलंगावर ठेवला, तर संध्याकाळी घडी घालून माझ्या उशीवर परत.

"कुणाला तरी देऊन टाक," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात माझे. तुम्ही डोंगर चढणार आणि मी तुमच्या पायात लोढणं."

"खालती, आम्ही कसले डोंगर चढतोय? तुमचा लेक जिना चढला तरी धापा टाकतो."

त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. मी रेनकोट पुन्हा त्यांच्या खोलीत टाकून आले. त्यानंतर त्यांनी त्याचं नावच काढलं नाही.

आता दुपार झाली होती. तीन बॅगा भरल्या, बसून बंद केल्या. चौथीकडे बघून मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात घरभर घाण वास सुटला, प्लास्टिक जळल्याचा. मी धावत खालतींच्या खोलीत गेले. मागून दाना आली, फरवा खांद्यावर टाकून मिशारीही.

खोलीत निखाऱ्यांवर ऊद धुमसत होता. वर लाकडी तिवई, जिच्यावर खालती कपडे पसरून धूर देतात. रोज नाही हं. लग्नाला जायचं असेल किंवा प्रवासाला, तेव्हाच. सासरे होते तोवर त्यांच्या प्रत्येक प्रवासाचे कपडे या तिवईवरून गेल्याशिवाय बॅगेत पडले नाहीत.

आणि त्या तिवईवर जांभळा रेनकोट होता. पाठीवर बशीएवढं भोक पडलेला.

"आजी, खिडकी झाली!" दाना ओरडली.

मिशारीला हसू आवरेना. "यम्मा, रेनकोटाला कोण ऊद देतं?"

"असाच नेऊ का मग? दुकानाचा वास मारत होता मेला!" खालती चिडून म्हणाल्या. मग त्यांनी भोकातून हात आरपार घातला आणि त्यांचा चेहरा पडला. "आता काय गं अनवार? सगळी पाठ भिजेल माझी तिथं."

आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या घाईघाईने निखारे चिमट्याने सारखे करायला लागल्या. माझे डोळे भरून आले. ते मी उदाच्या धुरावर ढकललं.

"वरून अबाया घालायचा खालती," मी म्हटलं. "भोक कुणाला दिसतंय? आणि वर त्याचा फरवा. आणतोच आहे तो."

"घ्यायचा ना?" मिशारी लगेच म्हणाला.

"घे बाबा."

मी चौथी बॅग आणून त्यांच्या पलंगावर उघडली. त्यांनी रेनकोटाची नीट घडी घातली, भोक आतल्या बाजूला ठेवून, आणि तो तळाशी ठेवला. मग तिवई पुन्हा निखाऱ्यांवर मांडली.

"आता बाकीचे तीन रेनकोट आण इकडे," त्या म्हणाल्या. "किती वर धरायचे ते कळलंय मला."

मी भरलेल्या तिन्ही बॅगा उघडल्या आणि निमूटपणे रेनकोट काढून दिले.