राज्य कुणावर

वडील गेले त्या वर्षी गुणवंत नाडकर्णी बायकोला दिवसातून दहा-बारा फोन करू लागला. वृंदा मेट्रोत असो की बँकेत, प्रश्न एकच, "कुठे आहेस?" उत्तर मिळालं की फोन ठेवायचा आणि तासाभरात पुन्हा लावायचा. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या वीणाने, त्याच्या मुलीने, एकदा दुपारभर फोन उचलला नाही, तर याने तिच्या घरमालकाला दार ठोठावायला पाठवलं. वृंदाने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "तू घाबरलेला आहेस रे. कुणाशी तरी बोल."

म्हणून वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो नोएडात घराजवळच डॉक्टर विजयालक्ष्मींकडे जाऊ लागला. त्या मनोविश्लेषक होत्या. आठवड्यातून तीनदा सकाळी आठला जायचं, कोचावर आडवं व्हायचं आणि मनात येईल ते बोलायचं; डॉक्टर उशाशी, न दिसणाऱ्या खुर्चीत बसायच्या. त्या मूळच्या तमिळ, हा दिल्लीत वाढलेला मराठी. बोलणं हिंदीत चालायचं. पहिले चार महिने गुणवंत ऑफिसबद्दल आणि गुडघ्याबद्दल बोलला. बहिणीचा उल्लेख एकदाच आला, "एक बड़ी बहन थी, बचपन में गुज़र गई." घरीही पन्नास वर्षांत कुणी याहून जास्त बोललं नव्हतं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं की त्या दोन आठवडे सुटीवर जाणार आहेत. गुणवंतने लगेच विचारलं, "कहाँ?" आणि विचारल्यावर ओशाळला.

"मैं न मिली तो मुझे ढूँढना पड़ेगा, ऐसा लगा?"

"ढूँढना तो मुझे ही था," तो म्हणाला. "मेरे ऊपर राज्य था."

"राज्य? किसका राज्य?"

लपंडावात शोधायची पाळी ज्याच्यावर असते त्याच्यावर राज्य, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि पुढचं सगळं मराठीतूनच बाहेर पडलं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमागे पाण्याचा टँकर उभा असायचा. दहा वर्षांची अलकनंदा त्याच्यामागे लपली. आठ वर्षांचा गुणवंत जिन्याखालच्या भिंतीला कपाळ टेकून शंभरपर्यंत मोजत होता. टँकर मागे आला. माणसं ओरडली, तरी तो मोजत राहिला, कारण मध्येच डोळे उघडले तर तो रडीचा डाव, असं अलकनंदाच म्हणायची.

डॉक्टरांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी त्याला अडवलं नाही. तो रडून शांत झाला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ये बात और कौन जानता है?"

"कोई नहीं."

घरी सगळ्यांची समजूत अशी होती की अलकनंदा बाबांना आणायला बसस्टॉपकडे निघाली आणि वाटेत टँकरखाली सापडली. बाबांना त्या दिवशी ऑफिसातून निघायला उशीर झाला होता. वेळेवर आलो असतो तर पोर वाचली असती, हे ते मरेपर्यंत म्हणत राहिले, आणि गुणवंतने ते ऐकून घेतलं.

सुटीतल्या दुसऱ्या रविवारी आई, अहिल्याबाई, बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होती. तो शेजारी जाऊन बसला.

"आई, नंदा बसस्टॉपवर चालली नव्हती. आम्ही खेळत होतो. माझ्यावर राज्य होतं."

आईचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"खिडकीतून दिसत होतास तू. भिंतीकडे तोंड करून उभा. मी खाली धावले, तर लोक तिकडे जमलेले आणि तू इकडे आकडे म्हणतोयस. मीच उचलून वर आणलं तुला. माझ्या खांद्यावरही मोजत होतास."

हे त्याला अजिबात आठवत नव्हतं.

"मग बाबांना का नाही सांगितलंस? जन्मभर ते स्वतःला दोष देत राहिले."

आता तिने परात बाजूला सारली. "बसस्टॉपचं मीच सांगितलं सगळ्यांना. खेळाचं निघालं असतं तर तुझं नाव निघालं असतं. तू आठ वर्षांचा होतास. तुझे बाबा मोठे होते, त्यांना पेलेल असं वाटलं. नाही पेललं त्यांना." तिने पदराला हात पुसले. "आणि मी बोलले नाही म्हणून तू विसरलास, असं धरून चालले मी."

"मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलात म्हणून कुणी तिचं नाव काढत नाही."

"अरे देवा," ती हळूच म्हणाली आणि त्याचं डोकं तिने खांद्याशी ओढून घेतलं. केस पिकलेला तो माणूस तसाच वाकून बसून राहिला. आत वृंदाने कुकर लावला होता, तो तिने बंद केला आणि ती बाहेर आली नाही.

त्या दुपारी आई नंदाबद्दल खूप बोलली. तिला पोळीवर साखर लागायची, ती शिंकली की लागोपाठ पाच वेळा शिंकायची, धाकट्या भावाला शाळेत नेताना त्याच्या दप्तराचा पट्टा धरून ठेवायची. बोलता बोलता आईने विचारलं, "तुझ्या त्या डॉक्टरबाई म्हाताऱ्या माणसांना घेतात का रे?"

एकाच घरातली दोन माणसं आपण घेत नाही, असं डॉक्टर विजयालक्ष्मींनी सांगितलं आणि एका मराठी येणाऱ्या बाईंचं नाव दिलं. आता दर गुरुवारी गुणवंत आईला तिथे सोडतो आणि खाली गाडीत बसतो. ती बाहेर येते तेव्हा कधी डोळे सुजलेले असतात, कधी भूक लागलेली असते. आत काय बोलली ते ती सांगत नाही, आणि तो विचारत नाही.