बाराचा एकच दोष

"माझ्या ताटात दोनच कशा?" गुंडोराव पुटपुटले, शेजारी बसलेल्या वसुमतीबाईंनाच ऐकू जाईल इतपत.

"तुमचं पित्त," असं म्हणून त्यांनी हातातली नवऱ्याची तिसरी इडली सुनेच्या ताटात सरकवली. पाठोपाठ आपलीही एक. हर्षिता सासूला "स्वल्प पुरे, अत्ते" म्हणाली आणि पाचही संपवल्या.

बंगळुरात येलहंक्याच्या या घरातलं इडलीपात्र तीन ताटल्यांचं, ताटलीला चार खळगे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जन्मभर गिअरचे दाते कापलेल्या गुंडोरावांचा बारावर फार जीव. घड्याळ बाराचं, केळी डझनानं, बांगड्या डझनानं, हे काही उगीच नाही, असं ते म्हणत. मुलगा प्रणीतच्या लग्नाआधी घरात तिघं, तेव्हा चार-चार. हर्षिता आली, तीन-तीन. के. आर. पुरमहून लेक नीलिमा नवऱ्यासह आली की दोन-दोन. कुणी रुसायला जागाच नाही. सून नवी असताना त्यांनी तिला बोटांवर मोजून दाखवलं होतं, बाराला स्वतःखेरीज कुणाकुणानं भाग जातो ते: एक, दोन, तीन, चार, सहा. बेरीज सोळा. स्वतःजवळ आहे त्याहून जास्त वाटणारा आकडा! फक्त पाचाशी त्याचं जमत नाही. म्हणून नीलिमा एकटीच येते म्हणाली की ते फोनवर बजावत, जावईबापूंना घेऊन ये, भाग जात नाही.

गेल्या दिवाळीत हर्षिताला दिवस गेले तेव्हा वसुमतीबाईंनी साऱ्या नात्यागोत्यात पेढे वाटले होते. महिन्याभरात गर्भ गेला. पेढे खाल्लेल्या प्रत्येकानं हळहळायला फोन केला, आणि प्रत्येक फोन हर्षितालाच घ्यावा लागला.

यंदा म्हणून घरात कुणी काही बोलत नव्हतं. प्रणीत न सांगता मोसंबी आणत होता. वसुमतीबाई इडल्या सरकवत होत्या. कॉफीच्या वासानं हर्षिता उठून आत धावली की तिघंही अगदी मन लावून खिडकीबाहेर बघत.

रविवारी गुंडोराव बाजारातून एक मोठं खोकं घेऊन आले. नवं इडलीपात्र.

जुन्याचं झाकण नीट बसत नाही, असं त्यांनी भिंतीला सांगितलं.

वसुमतीबाईंनी खोकं उघडलं. ताटल्या पाच.

"चौघांना वीस? बारा काय वाईट होत्या?"

बोलून गेल्या, आणि मग त्यांचा हात झाकणावरच राहिला. प्रणीतनं फोनमध्ये डोकं खुपसलं. गुंडोराव खोक्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसले, सुटली की पुन्हा पहिल्यापासून.

हर्षितानं एकेक ताटली पुसून ओट्यावर मांडली. पाचवी मात्र तिनं खाली ठेवली नाही. पोटाशी धरून उभी राहिली.

"बारा वाईट नाहीत, अत्ते," ती म्हणाली. "पण आता आपण पाच होणार."