आरशातली बायको

चित्रपट मोठ्यांसाठीचा होता. पण कार्टून म्हटल्यावर थिएटरच्या मॅनेजरने तो डोळे झाकून मुलांच्या सकाळच्या खेळाला लावला. पडद्यावरचे नवरा-बायको कपाटाच्या वाटणीवरून भांडायला लागले, तशा आया पोरांना बखोटीला धरून बाहेर पडल्या. दिग्दर्शकाला त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. वर्तमानपत्रांनी चित्रपटाची दखल घेतली नव्हती, उद्या तो उतरणार होता, हेही त्याने मुकाट गिळलं. त्याला हवं होतं ते एकच माणूस मधल्या रांगेत बसलं होतं.

ती त्याची पूर्वीची बायको. "तू मला कधी नीट बघितलंच नाहीस," एवढं बोलून ती घर सोडून गेली होती. मग गडी हट्टाला पेटला. तिचा प्रत्येक राग, प्रत्येक रुसवा त्याने एकट्याने, हाताने चितारला. त्यात डोक्यावरचे केस पांढरे झाले. बघितलं होतं की नाही ते आता तिनेच सांगावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

खेळ संपला, दिवे लागले. तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"कसा वाटला?"

"छान. पण ती बाई कोण?"

"कोण म्हणजे? तू!"

"मी चिडले की गप्प बसते. ही डावी भुवई उडवते, ओठ चावते, मग नाकपुड्या फुगवते. आत्ता तू फुगवल्यास, अगदी तश्शा."

त्याचा हात नाकाकडे गेला. या धंद्यातली माणसं टेबलावर आरसा ठेवतात. चेहरा काढायचा तर आधी आपण तसं तोंड करून बघायचं, मग ते कागदावर उतरवायचं. त्यानेही तेच केलं होतं. म्हणजे इतकी वर्षं तो एकटाच भांडत बसला होता, तेही दोन्ही बाजूंनी. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"सगळं पाण्यात गेलं म्हणायचं," तो म्हणाला.

ती पर्स उचलून उठली, जरा घुटमळली.

"शेवटी ती पाठमोरी जाते ना? चप्पल घालताना भिंतीला हात टेकते, खांदा एकीकडे कलतो. ती मी आहे. हुबेहूब."

पाठ काही आरशात बघून काढता येत नाही. ती त्याने आठवणीतून काढली होती.

"म्हणजे जाताना तेवढं बघितलंस," ती म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

तो आत्ताही बघतच होता.