काठाच्या वर पाणी

प्राची डुंबरे जुन्नरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला लागली आणि पहिल्याच सत्रात तिनं हौसेनं विषयाची वेबसाइट उभी केली. अभ्यासक्रम, वेळापत्रक, वाचायच्या नोंदी, सगळं एका जागी. शेवटी एक प्रकल्पही टाकला. प्रत्येकानं दर रविवारी आपल्या विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजायचं आणि साइटवरच्या तक्त्यात भरायचं.

मुलं बावीस होती. मार्चमध्ये तक्त्यात तेविसावी ओळ आली.

'भिका. खालची वाडी. काठाच्या वर अठरा हात.'

विहिरीच्या काठाच्या वर पाणी? टवाळी असणार म्हणून तिनं ओळ पुसली. पुढच्या रविवारी ती परत हजर. बारा हात. मग पाच.

कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या चांदभाईंना तिनं ते दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, ही तुमच्याच लॉगिनवरनं भरलीय. आन् खालची वाडी तर कवाच धरणात गेली. मी ल्हान व्हतो तवा."

तिनं पासवर्ड बदलला. रविवारी सकाळी ओळ आलीच. 'काठ उघडा पडला. येऊन बघा.'

दुपारी दोघं मोटारसायकलवरून धरणावर पोचले. पाणी बरंच मागं सरलं होतं. गाळात दगडी विहिरीचं तोंड नुकतंच वर आलेलं, अजून ओलं. शेजारी शेळ्या घेऊन एक म्हातारी बसली होती. चिमाबाई तिचं नाव. प्राचीनं तिला भिकाबद्दल विचारलं.

"भिका माजा दीर," ती म्हणाली. "समदी वाडी उठली, ह्यो नाय उठला. पाणी किती चढलं ते रोज दोरीनं मोजायचा. येक दिस दोरी घावली, ह्यो नाय."

"आजी, तुमच्या घरात फोन कुणाकडं आहे?"

"मी येकलीच हाय, बाय. कसला फोन?"

प्राचीनं पिशवीतून टेप काढून विहिरीत सोडली. पाणी काठालगतच असायला हवं होतं, ते चार मीटरवर लागलं. ती आकडा वाचत होती तेवढ्यात टेप ताठ झाली. हिसका नव्हता तो. मोजताना समोरचा माणूस दुसरं टोक धरून ढील काढतो ना, अगदी तसं.

तिच्या हातून टेप सुटली. सरसरत खाली गेली. पाण्यात पडल्याचा आवाज काही आला नाही.

चिमाबाई काठावर वाकली. "भावजी, झालं का मोजून?" तिनं आपुलकीनं विचारलं, आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवून शेळ्या वळवायला गेली.

चांदभाईंनी गाडीला किक मारली.

सोमवारी प्राचीनं तो प्रकल्प साइटवरून काढून टाकला. वर्गात संस्कृती नावाच्या मुलीनं कारण विचारलं.

"विहिरी राहू देत," प्राची म्हणाली. "आपण रोजचं तापमान लिहू." फळ्याकडं वळून तिनं तारीख घातली आणि खाली मोजून बावीस ओळी आखल्या.